नाइस म्हणायचं नाही

माझ्या बायकोचं एका इंग्रजी शब्दाशी वैर आहे. माणसांशी वैर धरणारे मी पुष्कळ पाहिले, शेताच्या धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडणारेही पाहिले. पण शब्दाशी उभा दावा मांडणारी ही एकच. तो शब्द म्हणजे नाइस.

गोंदियाला लागून फुलचूरला आमचं घर आहे. खाली माझं झेरॉक्सचं दुकान आणि वर भूमेश्वरीचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. क्लासमधली पोरं तिला मॅडम म्हणतात, आणि हळूहळू मीही म्हणायला लागलो, कारण घरातही ती मॅडमच असते. पोरं येतात गोंदियातली, आमगावची, सालेकशाकडची. कोणाला बँकेत लागायचं असतं, कोणाला हवाई सुंदरी व्हायचं असतं. बिरसीच्या विमानतळावरची विमानं दिवसभर डोक्यावरून घरघरत जातात, त्यामुळे ही हौस आमच्याकडे जरा जास्तच. नवीन पोरगं आलं की मॅडम पहिल्या दिवशी विचारते, तुझं गाव कसं आहे ते इंग्रजीत सांग. पोरगं सांगतं, माय व्हिलेज इज नाइस. लोक कसे? नाइस. जेवण? व्हेरी नाइस. मग मॅडमचा पारा चढतो.

त्या दिवशीचा पाठ मला तोंडपाठ आहे, कारण जिन्यातून सगळं खाली ऐकू येतं. आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्याहून वैनगंगेच्या खोऱ्यात आले, आणि कोणतं कूळ कुठून निघून कुठं थांबलं हे सांगायला पूर्वी भाट यायचा. मॅडम म्हणते, शब्दांनाही कूळ असतं. मग ती स्वतःच भाट होते. नाइसचं मूळ गाव रोम आणि बोली लॅटिन. तिथं एक होता ने, म्हणजे आपलाच न; दुसरा स्किरे, म्हणजे जाणणं. दोघांचा मिळून झाला नेस्कियस, ज्याला काही कळत नाही असा. तिथून स्वारी फ्रान्सात गेली, तर मूर्खाला नाइस म्हणू लागले. इंग्लंडात उतरली तेव्हाही बावळटच होती. मग छचोर झाली, मग नखरेल, मग खाण्यापिण्यात खोड्या काढणारी, मग नाजूक. मध्ये एकदा तर इतकी सुधारली की बारीकसा फरक ओळखणाऱ्या काटेकोर नजरेला नाइस म्हणत. आणि एवढं सगळं होऊन शेवटी काय, तर बरं, छान, गोड.

‘‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा,’’ मॅडम म्हणते. ‘‘कशालाही लावा. चहाला लावा, नवऱ्याला लावा, तेरवीच्या जेवणाला लावा. जो नाइस म्हणतो त्यानं डोळे उघडून काही पाहिलेलंच नसतं. माझ्या वर्गात हा शब्द चालणार नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्यानं उभं राहायचं आणि काय पाहिलं ते नेमकं सांगायचं. सांगून झाल्याशिवाय बसायचं नाही.’’

मी या प्रकाराची भरपूर थट्टा केली. चहा नाइस झाला म्हटलं की ती मलाही उभं करायची. आलं जास्त पडलं, साखर बेताची आहे, असं काहीतरी सांगितलं की बसायची परवानगी. पोरं हसायची, पण शिकायचीही.

यांत सगळ्यात पक्का तयार झाला तो वीरेंद्र. सालेकशाच्या पुढं जंगलाला लागून त्याचं गाव. बाप लहानपणीच गेलेला. आई देवकाबाई थोडं धान लावते, चैतात मोह वेचते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. पहिल्या दिवशी त्यानंही गावाला नाइस म्हटलं होतं आणि वर्ग सुटायच्या वेळेपर्यंत उभा होता. शेवटी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, माझ्या गावात पहाटे मोहाची फुलं पडतात, आम्ही आधी ऐकतो आणि मग वेचायला जातो. मॅडम त्या दिवशी जेवताना तीच ओळ बोलत होती. त्यानंतर हा शब्द त्या पोराच्या तोंडून कधी निघाला नाही. उलट दुसऱ्या कोणी म्हटलं की हाच आधी ओरडायचा, ‘‘उठ बे, उभा राह्य!’’

तोच वीरेंद्र एका एजंटच्या मार्फत थायलंडला गेला. कंपनीत कॉम्प्युटरवर काम, राहायला खोली, इंग्रजी येणाऱ्याला आधी घेतात म्हणे. मॅडमनं पेढे वाटले. आपल्या हातचं पोरगं इंग्रजीच्या जोरावर समुद्रापार गेलं, याचा तिला फार अभिमान वाटला.

दर मंगळवारी देवकाबाई गाडीनं गोंदियाला येऊ लागली. मोबाइल पदराच्या गाठीत बांधलेला. ‘‘मॅडम, पोराचा मेसेज आला जी. वाचून द्या,’’ म्हणायची आणि जिन्याच्या पायरीवर बसायची. मेसेज सगळे इंग्रजीत. फोन करायला बंदी, आपल्या बोलीत लिहायला बंदी, कंपनीचा तसा नियमच आहे, असं त्यानं पहिल्याच मेसेजमध्ये कळवलं होतं. देवकाबाईला त्याचंही कौतुक.

‘‘साहेब झाला बाप्पा माहा पोरगा. मायसंग बी इंग्लिश बोलून राहिला,’’ ती हसायची.

सुरुवातीचे मेसेज वाचायला मजा यायची. इथला भात चिकट आहे, बोटांना गोळा लागतो. खोलीत पंखा एक आणि आम्ही बरेच, म्हणून पाळीनं पंख्याखाली झोपतो. शेजारचा पोरगा झोपेत रडतो. मॅडम एकेक ओळ मराठीत करून सांगायची आणि मान डोलवायची. पोरगा झोपेत का रडतो, हे विचारायचं आम्हा दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही.

मग एका मंगळवारी तो मेसेज आला. फूड इज नाइस. रूम इज नाइस. बॉस इज नाइस. डोन्ट वरी.

मॅडमनं तो वाचला आणि तिचं डोकं सटकलं. मी खाली दुकानात एका गिऱ्हाईकाचं आधार कार्ड झेरॉक्स करत होतो, तिथपर्यंत आवाज आला. ‘‘पाहा, पाहा तुमचा लाडका! दोन पैशाची नोकरी लागली आणि सगळं विसरला!’’ देवकाबाई घाबरून विचारू लागली, काय झालं, काऊन चिडल्या? मॅडम म्हणाली काही नाही, तुमचा मुलगा आळशी झाला. आणि तिनं देवकाबाईचाच फोन घेऊन तिथल्या तिथं उत्तर लिहिलं. वीरेंद्र, नाइस हे उत्तर नव्हे. तुला कोणी असं लिहायला शिकवलं? तिथं काय काय दिसतं ते मला नेमकं लिहून कळव. खाली लिहिलं, मॅडम.

मी वर जाऊन वाचलं आणि हसलो. म्हटलं, बिचाऱ्याला परदेशातही उभं केलंस का?

त्यानंतर मेसेज बंद झाले.

पहिल्या मंगळवारी वाटलं, रुसला असेल. पुढच्या वेळी वाटलं, फोन बिघडला असेल. देवकाबाई यायची, फोन दाखवायची, मॅडम पाहायची आणि परत द्यायची. एजंटचा नंबर लागेना. मग देवकाबाईनं येऊन नुसतं बसायला सुरुवात केली. विचारायचीही नाही. चहा दिला तर घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

दिवाळीनंतर आमच्या दुकानात एक पोरगा आला. अंगानं वाळलेला, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. म्हणाला, मी रोशन, आमगावचा, मॅडमला भेटायचं आहे. वर नेलं. क्लास सुटला होता. तो बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

‘‘मी वीरेंद्रसंग होतो जी तिथं,’’ तो म्हणाला. ‘‘कंपनी-फंपनी काही नाही. नदीच्या पल्याड दुसऱ्याच देशात नेते आपल्याले. पासपोर्ट हिसकून घेते. दिवसभर मोबाइलवर लोकायले फसवाचं काम. नाही केलं तं मारते. आमच्या बिल्डिंगीवर तिथल्या फौजेनं धाड टाकली म्हणून आम्ही सुटलो.’’

मॅडमनं विचारलं, ‘‘आणि वीरेंद्र?’’

रोशन तिच्याकडे न पाहता बोलत राहिला. सुरुवातीला मेसेज नुसते वाचून पाहत, पुढं घरी काय लिहायचं तेही ठरवून देऊ लागले. फूड इज गुड, रूम इज गुड, बॉस इज गुड. लिहायचं ते इंग्रजीतच, कारण त्यांच्या मशीनला इंग्रजी कळतं, आपली बोली कळत नाही. वीरेंद्रनं त्या ओळीत गुडच्या जागी नाइस घातलं. पहारेकऱ्यांना दोन्ही सारखेच, त्यांनी जाऊ दिलं.

‘‘त्या दिवशी लय खुश होता जी तो. मले म्हणे, आता पाह्य. मॅडम वाचन तं तिले बरोबर समजन. मी नाइस लिवतच नाही, तिले माहीत हाये. ते पोलिसाले सांगन, कोनाले तरी सांगन.’’ रोशन थांबला. ‘‘मंग तुमचा जवाब आला.’’

‘‘काय झालं मग?’’

‘‘त्यायनं मशीनवर टाकून वाचला. तिथं काय दिसते ते नेमकं लिवून पाठव. म्हणे ही मॅडम कोन हाये? पोलीस हाये का? हिले सगळं कायले पाहिजे? त्याले मारत मारत खाली नेला आन दुसऱ्या जागी पाठवला. तिथलं मले काही माहीत नाही जी. मंग तो मले दिसलाच नाही.’’

रोशन गेल्यावर मी शटर ओढून वर आलो. मॅडम रिकाम्या वर्गात, पोरं उभी राहायची त्या खिडकीजवळ उभी होती. मी म्हटलं, बस. बसली नाही. मग मी ओरडलो. जे मनात होतं ते सगळं ओरडलो. तुझी मास्तरकी, तुझं लॅटिन, तुझं नेमकं नेमकं. कोणाचं तरी पोरगं जीव मुठीत धरून हाक मारत होतं आणि तू त्याला व्याकरण शिकवलंस. ओरडून झाल्यावर मलाच माझी लाज वाटली, कारण तो मेसेज वाचून हसलेला मीही होतो.

पुढच्या मंगळवारी देवकाबाई आली तेव्हा मला वाटलं थोडं झाकून सांगावं. मॅडमनं काहीही झाकलं नाही. तिनं त्या बाईला समोर बसवलं आणि रोशननं सांगितलं ते सगळं, स्वतःच्या उत्तरासकट, एका दमात सांगितलं. देवकाबाईनं हातातला फोन पदराच्या गाठीत परत बांधला.

‘‘तुमी मास्तरनी हा, मास्तरनीसारखं बोलल्या,’’ ती म्हणाली. ‘‘मी तं अडानी. मले वाचताच येत नाही. आता तुमीच सोडवा त्याले. दुसरं कोन हाये माहं?’’

मग सुरू झाली धावपळ. माझ्या दुकानातली झेरॉक्स मशीन त्या दिवसांत एकट्या वीरेंद्रसाठीच चालत होती. ठाण्यात अर्ज दिला. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि पुढं पाठवला. मॅडमनं तिकडच्या आपल्या दूतावासाला मेल लिहिले, एकामागून एक. उत्तर यायचं, आणि नम्र यायचं. मुलगा नक्की कोणत्या ठिकाणी आहे? कोणती इमारत, कोणतं गाव, जवळपासची काही खूण? तिकडं नदीकाठी अशा शेकडो इमारती आहेत, ठिकाण कळल्याशिवाय तिथल्या फौजेला कुठं पाठवायचं? त्यांचं बरोबर होतं. पण आमच्याकडे सांगायला काय होतं? पंखा एक आणि भात चिकट. मॅडमनं ते जुने मेसेज कागदावर उतरवून घेतले होते, रात्रंदिवस तेच वाचायची. एखादं झाड, एखादी पाटी, काहीतरी सुटलं असेल म्हणून पुन्हा वाचायची. तिनं जेवण सोडल्यातच जमा होतं.

रोशन मधून मधून यायचा. त्यानंच एक वाट सांगितली. ज्यांच्या घरचे बोंबाबोंब करत नाहीत, खुश आहेत असं दाखवतात, त्यांच्या पोरांना तिथले लोक कधी कधी एखादा फोन करू देतात. मग घरचे वर्षभर गप्प बसतात, असा त्यांचा हिशोब.

तेव्हापासून मॅडम देवकाबाईच्या फोनवरून वीरेंद्रच्या जुन्याच नंबरवर मेसेज पाठवू लागली, पहारेकऱ्यांनी वाचावेत म्हणून. वीरेंद्र, मी तुझी साधी शाळेतली जुनी बाई. मला काही कळत नाही. तुझी नोकरी नाइस आहे. तुझा बॉस नाइस आहे. आम्ही सगळे इथं नाइस आहोत. जन्मभर ज्या शब्दाला तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, तो ती आता स्वतःच्या हातानं पुन्हा पुन्हा लिहीत होती. एकदा मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. एका छोट्या मेसेजमध्ये तो किती वेळा आला होता कोण जाणे. तिचे डोळे वाहत होते आणि अंगठा चालत होता. मला आजवर तिच्या रागाची भीती वाटायची. त्या दिवशी तिचा राग नाहीसा झाला म्हणून भीती वाटली.

रोशननं आणखी एक सांगितलं होतं. फोन आला तर पहारेकरी शेजारी बसतो. बोलणं इंग्रजीतच, दुसरा शब्द निघाला की फोन बंद. आता देवकाबाईला इंग्रजी कुठलं? म्हणून ती क्लासला बसू लागली. धान कापून झालं होतं. शेळ्या शेजारणीकडे सोपवून ती रोज गाडीनं यायची आणि बँकेच्या परीक्षेच्या पोरांमध्ये, पाय वर घेऊन, बाकावर बसायची. शेजारी डिंपल नावाची हवाई सुंदरी व्हायला निघालेली पोरगी. ती देवकाबाईला घोकून घ्यायची. हाऊ आर यू. देवकाबाई म्हणायची, हाव आर यू. आमच्याकडे हाव म्हणजे हो, त्यामुळे पोरांना हसू यायचं. पण कोणी हसायचं नाही.

‘‘आय अॅम फाइन. यू ईट वेल,’’ देवकाबाई घोकायची. भाजी निवडताना, गाडीची वाट पाहताना, पायऱ्या चढताना घोकायची. ‘‘जमंल ना जी मले?’’ ती मला विचारायची. मी म्हणायचो जमेल. मॅडमनं तिच्यासाठी मोजकी वाक्यं बसवली होती आणि बजावलं होतं, काहीही दिसो, काहीही होवो, याच्या बाहेर एक शब्द नाही.

फोन आला तो भर दुपारी, वर्ग चालू असताना. मी जेवायला वर गेलो होतो म्हणून तिथं होतो. देवकाबाईच्या हातातला फोन वाजू लागला, त्यावर परका नंबर, आणि व्हिडिओ. डिंपलनं बटण दाबून दिलं. मॅडम समोर, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी राहिली.

वीरेंद्र दिसला. मी लांब होतो, तरी ओळखायला वेळ लागला. डोक्याचे केस उतरवलेले. त्यानं कॅमेऱ्याकडे न पाहता, पाठ केल्यासारखं म्हटलं, ‘‘हॅलो मदर. आय अॅम गुड.’’

‘‘हॅलो सन,’’ देवकाबाई म्हणाली. ‘‘आय अॅम फाइन. यू ईट वेल.’’ मॅडमनं हातानं खूण केली, चांगलं, पुढचं. देवकाबाईनं तोंड उघडलं. पुढचं वाक्य होतं, वी आर हॅपी. तेवढ्यात तिकडं वीरेंद्रनं मान वळवली आणि त्याचा उजवा कान दिसला. कान कसला, अर्धाच होता.

‘‘वीरू,’’ देवकाबाई म्हणाली, ‘‘तुह्या कानाले काय झाला रे बाप्पा?’’

मॅडमनं दोन्ही हात जोडले. नाही, नाही, इंग्लिश. पण देवकाबाईला आता कोणीच दिसत नव्हतं. ‘‘कोनं केला असा? कोन हाये तो? मले सांग, कोन हाये?’’

तिकडून कोणीतरी ओरडलं, इंग्लिश, इंग्लिश! वीरेंद्र आईकडे पाहत राहिला. घरची बोली त्याच्या कानावर किती दिवसांनी पडली असेल कोण जाणे. मग त्याचा चेहराच बदलला आणि तो बोलू लागला, भराभरा, झाडीबोलीत, श्वास न घेता. देवकाबाईनं सवयीनं फोन उचलून कानाला घट्ट लावला. आम्हाला नुसती कुजबुज ऐकू येत होती. मॅडम पुढं झेपावली, पण तोवर फोनमधून धाडकन आवाज आला, मग माणसाचा एक आवाज, मग काहीच नाही. देवकाबाईनं फोन कानापासून काढला तेव्हा पडदा काळा होता.

‘‘मारला,’’ देवकाबाई म्हणाली. ‘‘मॅडम, त्याले मारला.’’

मॅडम तिच्यापुढं जमिनीवर बसली. तिचे दोन्ही हात धरले. ‘‘तो काय म्हणाला?’’

‘‘तोंडावर मारला. मले आयकू आला.’’

‘‘हो. देवकाबाई, तो काय काय म्हणाला? मारायच्या आधी?’’

‘‘माह्यामुळं मारला. मी चूप राह्यली असती तं...’’

‘‘काय म्हणाला तो?’’ मॅडम ओरडली. त्या आईवर, त्या क्षणी ती ओरडली. डिंपल रडायला लागली. मला वाटलं हिला ओढून बाजूला करावं. पण मला कळत होतं की ते शब्द जगात फक्त त्या एका बाईच्या कानात होते, आणि ती ते विसरली तर पोराचा मार फुकट जाणार होता.

देवकाबाईनं डोळे मिटले. ओठ हलत होते. आत त्या आवाजाच्या मागं मागं ती जात होती, आणि प्रत्येक वेळी तो धाडकन आवाज तिला पुन्हा ऐकावा लागत असणार. मग ती एकेक सांगू लागली. नदी दिसते, पुलाच्या खालच्या अंगाला. निळ्या पत्र्याचं मोठं गोदाम. पाण्याच्या टाकीवर हत्ती काढलेला. मागं टेकडीवर सोनेरी देऊळ, पण त्याचा कळस मोडका. सकाळी सूर्य टेकडीच्या मागून येतो. हे सांगताना मध्येच तिला हुंदका यायचा आणि मॅडम थांबायची, आणि पुन्हा विचारायची, टाकी कोणत्या हाताला? देवकाबाई सांगायची. सगळं सांगितलं तिनं. एक खूण सुटू दिली नाही.

मॅडमनं तिथंच बसून मेल लिहिला. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. माहिती मिळाली, ठिकाण बहुतेक ओळखता येईल, तिथल्या अधिकाऱ्यांना कळवतो. खाली एक ओळ होती: या फोननंतर मुलाला त्याच ठिकाणी ठेवलं आहे का, हे कळू शकेल का? मॅडमनं ती ओळ देवकाबाईला वाचून दाखवली नाही. तेवढी एकच गोष्ट तिनं झाकली.

आम्ही देवकाबाईला राहा म्हणालो. ती राहिली नाही. शेळ्या सुटल्या असतील म्हणाली. मी तिला स्कूटरवर स्टेशनला घेऊन गेलो. फलाटावर गर्दी होती, पोरं भेळ खात होती, कोणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती. ती खांबाजवळ खाली बसली आणि फोन मांडीवर ठेवला. सुटेल म्हणावं तर खोटं, नाही सुटणार म्हणावं तर जीभ वळत नव्हती.

‘‘भाऊ,’’ तिनं मला विचारलं, ‘‘त्याहिचा फोन पुन्हा आला तं आता मी इंग्लिशमंदीच बोलीन. एक शब्द माह्या बोलीतला काढनार नाही. मले एक सांगा जी. मारू नका, याले इंग्लिशमंदी काय म्हनते?’’

मला मॅडमइतकं येत नाही, पण तेवढं येत होतं. मी सांगितलं. डोन्ट बीट हिम.

‘‘डोन बीट हिम,’’ देवकाबाई म्हणाली. गाडीचा भोंगा वाजला. तिनं फोन पदराच्या गाठीत बांधला, उठली, डब्याच्या दांडीला धरून वर चढली आणि खिडकीत बसली. गाडी हलली तरी तिचे ओठ हलत होते. डोन बीट हिम. डोन बीट हिम.